कुत्र्याला घेऊन थारच्या वाळवंटात: ३९ अंशांच्या पुढे काय होतं?

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या बऱ्याच गाड्या जैसलमेरच्या वाटेला लागतात. हल्ली त्यांतल्या काही गाड्यांत मागच्या सीटवर घरचा कुत्राही असतो. त्याला आठ-दहा दिवस बोर्डिंगमध्ये टाकून जायला मन होत नाही, हे अगदी समजण्यासारखं आहे. पण हजार-बाराशे किलोमीटर पार करून आपण त्याला नेतो कुठे, तर जिथल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, त्या मुलखात. ऑक्टोबरातही तिथे दुपारी पारा सहज ३५ च्या पुढे जातो. अशा हवेत माणसाला जे चालतं ते कुत्र्याला चालेलच असं नाही. का, ते एकदा नीट कळलं की काय करायचं आणि काय टाळायचं हे फारसं पाठ करावं लागत नाही.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच. हा ३९ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

कुठलंही शरीर सतत उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकत राहतं. बाहेर टाकायचे मार्ग मोजकेच आहेत. गार फरशीवर पोट टेकून पडलं की फरशी उष्णता ओढून घेते. वारा अंगावरून गेला की थोडी तो नेतो. थोडी अंगातून आसपासच्या गार वस्तूंकडे नुसतीच निघून जाते. शेवटचा मार्ग म्हणजे पाण्याची वाफ होणं. आता हवा ४२ अंशांवर गेली आणि जमीन त्याहून तापली की पहिले तीनही मार्ग उलटे वाहू लागतात. जमीन, वारा आणि आसपासच्या भिंतीच कुत्र्याला तापवायला लागतात. म्हणजे ३९ च्या पुढे त्याच्या हातात एकच मार्ग उरतो, तो वाफेचा.

आपण या मार्गासाठी सगळी कातडी वापरतो. कुत्र्याला खरा घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो आणि तो अंग गार करायला पुरत नाही. त्याचं सगळं काम चालतं नाकात आणि तोंडात. धापा टाकताना तो हवा मुख्यतः नाकातून आत घेतो आणि तोंडातून सोडतो. नाकाच्या आतल्या ओल्या, घड्या पडलेल्या अस्तरावरून आणि रक्ताने फुगलेल्या जिभेवरून ही हवा जाते, पाणी वाफ होऊन उडतं आणि तिथलं रक्त गार होऊन परत अंगात फिरतं. शांत असताना मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा अशा वेळी तीनशेपर्यंत जातो. म्हणूनच पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींचं उन्हात हाल होतं. ज्या अस्तरावर हे काम चालायचं, तेच त्यांना आखूड आणि दाटीवाटीचं मिळालेलं असतं. घट्ट कापडी मुसकी बांधलेल्या कुत्र्याचंही तेच होतं, कारण तोंड उघडता आलं नाही तर धापच टाकता येत नाही. मुसकी लागणारच असेल तर ज्यातून जीभ पूर्ण बाहेर येते अशी पिंजऱ्याची घ्या.

मग वाळवंट बरं की मुंबई? इथे माठ आठवा. विदर्भात ऐन मे महिन्यात माठातलं पाणी गार होतं आणि मुंबईत तोच माठ फार काही करू शकत नाही, कारण दमट हवेत पाणी झिरपतं पण उडत नाही. कुत्र्याची जीभही हाच नियम पाळते. थारच्या कोरड्या हवेत धापा टाकणं उत्तम काम करतं, मुंबईच्या घामट दुपारीपेक्षा कितीतरी चांगलं. पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. अंग ओलं दिसत नाही, लाळ गळताना दिसत नाही, सगळं हवेत उडून गेलेलं असतं. त्यामुळे वाळवंटात कुत्रा कोरडा पडत चाललाय हे आपल्याला उशिरा कळतं.

थोडा हिशेब करून बघू. २५ किलोचा लॅब्रेडोर नुसता पडून राहिला तरी त्याचं शरीर तासाला साधारण ३३ किलोकॅलरी उष्णता तयार करतं. एक मिलिलिटर पाणी उडालं की सुमारे ०.५८ किलोकॅलरी निघून जाते. म्हणजे फक्त स्वतःची उष्णता फेडायला त्याला तासाला ६० मिलिलिटरच्या आसपास पाणी खर्च करावं लागतं, आणि यात बाहेरून अंगावर येणारी उष्णता धरलेलीच नाही. आता तोच लॅब वाळूवर चेंडूमागे धावतोय असं समजा. उष्णता निदान पाचपट झाली. ती बाहेर पडायला वाटच मिळाली नाही तर पंधरा मिनिटांत त्याचं अंग ३९ वरून ४१ वर जाईल. प्रत्यक्षात थोडीफार बाहेर पडतेच, म्हणून इतकं झपाट्याने होत नाही. पण गणित कुठल्या दिशेला चाललंय ते यातून दिसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वाळवंटातल्या सहलीत सगळ्यात घातक वस्तू म्हणजे चेंडू. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ आणि रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासून २०२० मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात उष्माघाताच्या जवळपास तीन चतुर्थांश घटना फिरण्या-धावण्यामुळे झालेल्या होत्या. बंद गाडीमुळे झालेल्या सुमारे ५ टक्के. दवाखान्यात आलेल्या साधारण सातांतला एक कुत्रा वाचला नाही. आणि हे ब्रिटनच्या हवेत. कुत्रा दमला की आपणहून थांबेल यावर विसंबू नका. मालक चेंडू फेकतोय तोवर तो आणत राहतो, त्याला तेच आवडतं.

बंद गाडीचा धोका त्यामुळे कमी होत नाही. थारमध्ये तर नाहीच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं तापमान मोजलं होतं. बाहेर २२ ते ३५ अंश असतानाही तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दोन बोटं खाली ठेवल्याने काही फरक पडला नाही. बाहेर ३८ असताना हा हिशेब कुठे जाईल ते तुम्हीच करा. त्यामुळे धाब्यावर ‘पाच मिनिटांत जेवून येतो’ हा प्रकार नको. दोघं असाल तर आळीपाळीने जेवा. बहुतेक धाब्यांवर बाहेर खाटा टाकलेल्या असतात, झाड नाहीतर छप्पर असतं, तिथे कुत्र्याला सोबत घेऊन बसता येतं. इंजिन चालू ठेवून, एसी लावून त्याला आत सोडायची पद्धतही मला मान्य नाही. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा मिळत नाही, एसीचा जोर घटतो, इंजिन तापून बंद पडलं तर आतल्या जिवाला ते सांगता येत नाही.

एसी हा या प्रवासाचा एकुलता एक आधार आहे, म्हणून निघण्याआधी गॅस, कॉम्प्रेसरचा पट्टा आणि कूलंट मेकॅनिककडून बघून घ्या. पुढच्या सीटवर तुम्हाला गार वाटतंय म्हणजे मागेही गार आहे असं धरू नका. मोठ्या गाडीच्या डिकीत, सामानाच्या मागे वारा पोचतच नाही. कुत्रा जिथे बसतो तिथे एक साधा डिजिटल तापमापक अडकवून ठेवा, शंभर अंदाजांपेक्षा तो उपयोगी. ऊन कुठल्या बाजूने येणार तेही बघा. सांचोरहून बाडमेर आणि बाडमेरहून जैसलमेर ही सगळी वाट उत्तरेकडची आहे, म्हणजे दुपारनंतर ऊन डाव्या खिडकीतून आत येतं. कुत्र्याला उजवीकडे, चालकाच्या मागे बसवा आणि हार्नेसने बांधा.

एसी बंद पडलाच तर? काचा बंद ठेवून आहे तो गारवा वाचवायचा प्रयत्न करू नका, तो काही मिनिटांचा असतो. कुत्र्याचं पोट, मांड्यांची आतली बाजू, काखा आणि पंजे पाण्याने चिंब करा, सगळ्या काचा उघडा आणि पुढच्या सावलीपर्यंत चालत राहा. ओल्या अंगावरून कोरडा वारा गेला की कातडीवरूनही वाफ होते, जी कुत्र्याला एरवी करता येत नाही. सावली मिळाली की संध्याकाळपर्यंत तिथेच थांबा. अंगात घालायची ओली जॅकेटं याच तत्त्वावर चालतात आणि थारमध्ये छान चालतात. फक्त ती सतत ओली ठेवावी लागतात. वाळलेलं जॅकेट म्हणजे ऊबदार पांघरूण.

यावरून पाण्याकडे येऊ. साधारण हवेत कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. उन्हात दुप्पट-तिप्पट धरा. २५ किलोच्या कुत्र्याला पिण्यासाठीच चार लिटर, आणि अंगावर ओतायला वीस लिटरचा एक कॅन वेगळा. हा कॅन टपावरच्या कॅरियरवर बांधू नका. उन्हात त्यातलं पाणी तापून आंघोळीचं होतं, ते एसीत, पायाशीच बरं. पश्चिम राजस्थानात बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी खारट आहे, फ्लोराइडही जास्त आहे, तेव्हा हातपंपाच्या भरवशावर राहू नका. एकदम भांडंभर पाणी पाजून पोट तट्ट करण्यापेक्षा दर थांब्याला थोडं थोडं द्या. पोटभर जेवण रात्री, मुक्कामाला पोचून तो शांत झाल्यावर. सवय असेल तर दुपारी बिनमिठाचं पातळ ताक चालेल.

इंदिरा गांधी कालव्याचं पाणी दिसलं की कुत्र्याला त्यात डुंबायला सोडायचा मोह होतो. अजिबात नको. कालव्याचे काठ पक्के, उतरते आणि गुळगुळीत असतात, पाण्याला ओढ असते. आत उडी मारलेल्या कुत्र्याला वर चढायला पंजा रोवायला जागा मिळत नाही, आणि त्याला काढायला उतरलेल्या माणसालाही नाही.

वेळेचं गणित त्यामानाने सोपं आहे. पहाटे चारला निघा, दहापर्यंत त्या दिवसाचं अंतर संपवा, दुपारी खोलीत. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या सुमाराला असतं, आणि जमीनही रात्रभर थंड झालेली असते. संध्याकाळ फसवी असते. हवा सुखावते, पण डांबर दिवसभराची उष्णता धरून असतं. हवा ३१ अंश असताना उन्हातलं डांबर ६० च्या पुढे जाऊ शकतं, आणि ६० अंशाचा चटका माणसाच्या कातडीला काही सेकंदांत भाजतो. पंजाच्या गाद्या जाड असल्या तरी त्या काही चपला नाहीत. तळहाताची मागची बाजू जमिनीला लावून सात-आठ सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला खाली उतरवू नका. वाळूचंही तसंच, पण वाळू सूर्य कलल्यावर डांबरापेक्षा लवकर निवते. जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडी गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं तर सूर्योदयालाच जा, सूर्यास्ताला उंट, जीप आणि माणसांची गर्दीही फार असते.

गार वेळ निवडली की दुसरी काळजी सुरू होते. उन्हाळ्यात फुरसं हा विषारी सापही रात्रीच बाहेर पडतो, आणि थारमध्ये फुरसं भरपूर. अंधारात टॉर्चशिवाय फिरू नका, पट्टा आखूड धरा, झुडपात नाक खुपसू देऊ नका. पावसाळ्यानंतर भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं वाळून सगळीकडे पसरलेली असतात. ती बोटांच्या मधे, काखेत, कानाच्या केसांत अडकतात आणि केसाळ कुत्रा तर त्यांनी गुंडाळला जातो. त्याच्या जोडीला वेड्या बाभळीचे काटे. रोज रात्री चारही पंजे उजेडात बघायचे आणि चिमट्याने काटे काढायचे, हे काम टाळता येत नाही. गावातल्या कुत्र्यांच्या टोळ्या आपल्या हद्दीत पाहुणा खपवून घेत नाहीत. रेबीजची लस निघण्याच्या पुरेशी आधी झालेली हवी आणि गोचिडांचं औषधही.

एका जागी मात्र कुत्र्याला नेऊच नये. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत ३१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. माळढोकाचा, तिथल्या भाषेत गोडावणाचा, उरलासुरला सगळ्यात मोठा आसरा तिथे आहे. हा पक्षी जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, बहुतेक वेळा वर्षाला एकच. मोकाट कुत्र्यांचा त्याला मोठा त्रास आहे. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य असूनही तो दिसेनासा होत गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. आपला कुत्रा कितीही गरीब असला तरी त्याच्या नुसत्या वावराने पक्षी घरटं सोडून उडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उष्माघात कसा ओळखायचा. साधी धाप आणि धोक्याची धाप यांत फरक दिसतो. सावलीत, वाऱ्यावर पाच-दहा मिनिटं बसूनही धाप कमी होत नाही, जीभ टोकाला रुंद होऊन लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, लाळ घट्ट आणि चिकट होते, डोळे भिरभिरतात. पुढच्या पायरीला तो झोकांड्या खातो, उलटी किंवा रक्ताची जुलाब होते, आडवा पडतो, झटके येतात. गुदद्वारात लावायचा डिजिटल थर्मामीटर सोबत असेल तर ४१ किंवा त्याहून वर आकडा दिसेल. पण आकड्यासाठी थांबू नका. लक्षणं दिसली की सुरुवात करा.

आधी अंग थंड करायचं, मग दवाखान्याकडे निघायचं. बरेच जण घाबरून उलटं करतात, कुत्र्याला गाडीत टाकून तासभर लांबच्या दवाखान्याकडे पळतात, आणि तो तासभर आतून शिजत राहतो. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं. बर्फाचं पाणी ओतलं तर धक्का बसतो, कोमटच घ्यावं, असं पूर्वी सांगत. पण गार पाण्याची वाट बघण्यात किंवा ते कोमट करण्यात वेळ घालवणं जास्त धोक्याचं आहे. तरुण, धडधाकट कुत्रा असेल आणि टाकी किंवा टब मिळाला तर मान वर धरून त्याला पाण्यात ठेवा. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर पाणी ओतत राहा आणि पंख्याचा, एसीचा किंवा वहीने घातलेला वारा द्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. तो थोड्याच वेळात अंगाच्या उष्णतेने तापतो आणि वाफ अडवतो. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात ओतू नका. तापमान ३९.५ च्या खाली आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं.

क्रोसिन किंवा तापाची दुसरी कुठली गोळी देऊ नका. तापात मेंदू स्वतःच शरीराला जास्त तापमानावर चालवत असतो आणि गोळी मेंदूचा तो हुकूम मोडते. उष्माघातात मेंदूने असा कुठलाच हुकूम दिलेला नसतो, त्यामुळे गोळीला करण्यासारखं काहीच नसतं, वर कुत्र्याच्या यकृताला नाहीतर मूत्रपिंडाला ती बाधते. गाडीत शांत बसावा म्हणून देतात त्या गुंगीच्या औषधांबाबतही सावध राहा. त्यांतली काही शरीराची तापमान सांभाळायची ताकदच कमी करतात.

काही कुत्र्यांना घरीच ठेवावं. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर, चाऊ चाऊ, हस्की, सेंट बर्नार्ड, कुठल्याही जातीचा लठ्ठ, म्हातारा, हृदयाचा किंवा श्वसनमार्गाचा त्रास असलेला कुत्रा. ‘केस भादरून नेतो’ हा उपाय दोन थरांच्या केसांच्या कुत्र्यांवर उलटतो. वरचा थर ऊन अडवत असतो. आतली लव विंचरून काढा, वरचे केस राहू द्या. लांब नाक, सडपातळ बांधा आणि आखूड केस असलेला आपला कारवानी किंवा रस्त्यावरून घरी आणलेला देशी कुत्रा या हवेत जास्त तग धरतो, पण वर्षभर एसीत झोपणाऱ्या देशी कुत्र्याला उन्हाची सवय नसते. ती व्हायला दोन आठवडे तरी लागतात, आणि सुट्टी तेवढी नसते.

दवाखान्यांची यादी निघण्याआधीच करून ठेवा. थारमधल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाई, बकऱ्या आणि उंट यांचं काम जास्त असतं. सलाईन आणि प्राथमिक उपचार तिथे मिळतील, रक्ताच्या सगळ्या तपासण्या मिळतीलच असं नाही. त्यासाठी जोधपूर गाठावं लागतं, जे जैसलमेरहून पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. उत्तरेकडच्या वाटेवर असाल तर बिकानेरला १९५४ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि आता विद्यापीठही आहे. कुत्रा अर्ध्या तासात उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. एकदा ४१ च्या पुढे गेलेल्या अंगात आतड्याचं अस्तर, मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना इजा झालेली असू शकते, आणि ती एक ते तीन दिवसांनी दिसते. लघवी गडद किंवा कमी होणं, हिरड्यांवर लाल ठिपके, काळी शी यांवर लक्ष ठेवा. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस तिथेच मुक्काम करा, परतीचा प्रवास पुढे ढकला.